मोलोटो रस्त्यावरची पहाट

१९८० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतल्या क्वा-न्देबेले नावाच्या भागातून प्रिटोरिया शहराकडे जाणारी पहिली बस रात्री अडीच-तीनलाच सुटायची. आत शिरल्या शिरल्या माणसं पुढच्या बाकावर डोकं टेकवून झोपायची. बायकांच्या मांडीवर पिशवी, अंगावर घोंगडी. शहर आलं की उतरून कुणी गोऱ्यांच्या घरी धुणीभांडी करायला जायचं, कुणी बांधकामावर, कुणी कारखान्यात. संध्याकाळी पुन्हा तीच बस, आणि घरी पोचेपर्यंत रात्रीचे आठ-नऊ. लांबच्या गावांतल्या माणसांचे दिवसाकाठी सहा-सहा तास प्रवासात जायचे. त्या प्रवासाच्या भाड्यातला मोठा वाटा सरकार भरत असे.

सरकारला हा खर्च मान्य होता, कारण या कृष्णवर्णीय माणसांनी शहरात काम करावं पण शहरात राहू नये अशी कायद्याची इच्छा होती.

तो कायदा १९९१ मध्ये रद्द झाला. १९९४ मध्ये नेल्सन मंडेला राष्ट्राध्यक्ष झाले. बस मात्र अजून धावते आहे. मोलोटो रोड नावाच्या त्याच रस्त्यावरून आजही हजारो माणसं अंधारात घराबाहेर पडतात. अपघातांमुळे हा रस्ता देशभर कुप्रसिद्ध आहे. इथे रेल्वे टाकण्याची घोषणा अनेकदा झाली, पण रूळ पडले नाहीत.

आफ्रिका खंडाच्या दक्षिण टोकाला एवढी विषमता का, हे समजून घ्यायचं तर माझ्या मते सुरुवात या बसपासून करावी. मराठीत ‘अंतर’ हा शब्द दोन अर्थांनी वापरतात. एक किलोमीटरमधलं अंतर, दुसरं माणसामाणसांतलं. तिकडे ही दोन्ही अंतरं एकच आहेत. तिथल्या वर्णभेदी राजवटीला ‘अपार्थाइड’ म्हणत. आफ्रिकान्स भाषेतल्या या शब्दाचा अर्थसुद्धा ‘वेगळं असणं’ असाच आहे.

आधी विषमता म्हणजे किती, ते पाहू. दहा माणसं जेवायला बसली आहेत आणि टोपलीत दहा भाकरी आहेत असं समजा. दक्षिण आफ्रिकेतल्या संपत्तीची वाटणी अशी आहे की एकटा माणूस आठांहून जास्त भाकरी घेऊन बसला आहे आणि उरलेले नऊ जण दोनाहूनही कमी भाकरी वाटून खात आहेत. हे झालं घर, जमीन, शेअर, बँकेतली ठेव अशा साठलेल्या संपत्तीचं. रोजच्या खर्चातली विषमता मोजण्यासाठी अर्थतज्ज्ञ ‘गिनी’ नावाचा आकडा वापरतात. सगळ्यांना सारखं मिळत असेल तर शून्य, एकालाच सगळं मिळत असेल तर १००. जागतिक बँकेच्या आकडेवारीत दक्षिण आफ्रिकेचा गिनी ६३ आहे, शेजारच्या नामिबियाचा ५९ आणि बोत्स्वानाचा ५३. २०२२ मध्ये जागतिक बँकेने या भागावर एक अहवाल काढला. दक्षिण आफ्रिका, नामिबिया, बोत्स्वाना, एस्वातिनी आणि लेसोथो या पाच देशांचा गट जगातला सर्वांत विषम भाग आहे, असं त्यात म्हटलं होतं. तुलनेला घेतलेल्या १६४ देशांत दक्षिण आफ्रिका सर्वांत वर होती.

हे देश सरासरीने फार गरीब नाहीत, ही गोष्ट इथे विसरून चालणार नाही. दक्षिण आफ्रिकेचं दरडोई उत्पन्न भारताच्या दुपटीहून जास्त आहे. तिथे सहापदरी महामार्ग आहेत, हृदयाची जगातली पहिली प्रत्यारोपण शस्त्रक्रिया १९६७ मध्ये केपटाऊनला झाली, बँकांचा कारभार चोख आहे. जोहान्सबर्गमध्ये सँडटन हा काचेच्या उंच इमारतींचा, खंडातला सर्वांत श्रीमंत समजला जाणारा भाग आहे. मधला महामार्ग ओलांडला की पलीकडे अलेक्झांड्रा ही पत्र्याच्या खोल्यांची दाट वस्ती लागते. म्हणजे देशात पैसा आहे. तो रस्त्याच्या अलीकडे राहतो, पलीकडे जात नाही.

यामागचं कारण जमिनीखाली सापडतं. १८६७ नंतर किंबर्लीच्या परिसरात हिरे सापडले आणि १८८६ मध्ये जोहान्सबर्गच्या जागी सोनं. सोन्याच्या साठ्यात जगात त्याला तोड नव्हती, पण त्यात एक अडचण होती. सोनं खूप खोल होतं आणि खडकात अगदी विरळ पसरलेलं होतं. टनभर खडक फोडावा, वर आणावा, दळावा, तेव्हा काही ग्रॅम हाती लागायचं. एखाद्या मालाचा खर्च वाढला तर कारखानदार भाव वाढवतो. सोन्याचा भाव मात्र त्या काळी जगभर बांधलेला होता, खाणमालकाला तो वाढवता येत नव्हता. यंत्रं परदेशातून यायची, त्यांचा खर्च कमी होत नव्हता. मग खर्च कापायला एकच जागा उरली, ती म्हणजे मजुरी.

पण आपली शेती, आपली गुरं असलेला माणूस तुटपुंज्या पगारावर दोन-तीन हजार फूट खोल कशाला उतरेल? म्हणून त्याला उतरायला भाग पाडण्याची व्यवस्था झाली. झोपडीवर कर बसला आणि तो रोख भरायचा होता, त्यामुळे रोख कमावणं भाग पडलं. १९११ च्या कायद्याने खाणीतली कौशल्याची कामं गोऱ्यांसाठी राखून ठेवली. १९१३ च्या जमीन कायद्याने देशातली जेमतेम ७ टक्के जमीन कृष्णवर्णीयांसाठी ठेवली, १९३६ मध्ये ती १३ टक्क्यांपर्यंत वाढवली. आणि हे लोक लोकसंख्येत बहुसंख्य होते. शहरात यायला परवाना लागायचा. त्याला लोक ‘डोम्पास’ म्हणत, म्हणजे ‘मूर्ख पास’. तो खिशात नसेल तर तुरुंग. मजुरांसाठी आपसात ओढाताण होऊन पगार वाढू नये म्हणून खाणमालकांनी मजूरभरतीसुद्धा एकत्र येऊन चालवली. या सगळ्याचा परिणाम एका वाक्यात सांगता येतो. महागाई वजा केली तर कृष्णवर्णीय खाणकामगाराचा १९६९ मधला पगार १९११ मधल्या पगारापेक्षा जास्त नव्हता. मधली अठ्ठावन्न वर्षं देशाचा विकास चालूच होता. १९७० मध्ये या एका देशाने १००० टन सोनं काढलं.

कोकणातल्या वाचकाला यापुढचं फार समजावून सांगावं लागणार नाही. गडी मुंबईला गिरणीत, बायको गावी, महिन्याला मनीऑर्डर आणि गणपतीला भेट, हे आपण पिढ्यानपिढ्या पाहिलं आहे. लेसोथो हा चहूबाजूंनी दक्षिण आफ्रिकेने वेढलेला डोंगराळ देश असाच चाकरमान्यांचा देश झाला. मोझांबिक आणि मलावीमधूनही माणसं जात. फरक एका गोष्टीचा होता आणि तो फार मोठा होता. मुंबईचा चाकरमानी ऐपत झाली की चाळीत खोली घेऊन बायकामुलांना आणू शकत होता. लेसोथोच्या खाणकामगाराला हे कायद्यानेच बंद होतं. तो खाणीच्या आवारातल्या, एकाच खोलीत बरेच पुरुष झोपणाऱ्या बराकीत राहायचा आणि करार संपला की घरी पाठवला जायचा. म्हातारपण, आजारपण, मुलांचं शिक्षण यांतल्या कशाचाच भार खाणीवर येत नव्हता. तो सारा भार गावाकडच्या बाईवर आणि खडकाळ जमिनीवर पडायचा. या भागातली स्वस्त मजुरी स्वस्त होती ती कुणीतरी दुसरंच तिची किंमत भरत होतं म्हणून.

ती किंमत शरीरानेही भरली. खडक फोडताना उडणारी सिलिकाची धूळ फुप्फुसात बसते आणि तिथून निघत नाही. दम लागतो, छाती आवळते, क्षयाला वाट मोकळी होते. कामगार घरी परतल्यावर कित्येक वर्षांनी हे दिसू लागायचं, तेव्हा त्याचं नाव खाणीच्या वहीत नसायचं. अखेर या कामगारांनी एकत्र दावा लावला आणि २०१९ मध्ये न्यायालयाने ५ अब्ज रँडच्या (रँड हे दक्षिण आफ्रिकेचं चलन) तडजोडीला मान्यता दिली. बऱ्याच जणांच्या बाबतीत ही भरपाई मागायला विधवाच उरली होती.

नामिबियात हीच गोष्ट जास्त क्रूरपणे घडली. १९०४ ते १९०८ या काळात जर्मन सैन्याने हेरेरो आणि नामा लोकांचा नरसंहार केला आणि त्यांची जमीन व गुरं बळकावली. पुढे दक्षिण आफ्रिकेची सत्ता आली. विंडहूक शहरातली जुनी वस्ती हलवायला लोकांनी विरोध केला, तेव्हा १० डिसेंबर १९५९ ला पोलिसांनी गोळ्या झाडल्या. शहराच्या टोकाला जी नवी वस्ती वसवली तिला लोकांनी हेरेरो भाषेत नाव दिलं काटुतुरा. त्याचा अर्थ साधारणपणे ‘जिथे आम्हाला राहायचं नाही ती जागा’. देश १९९० मध्ये स्वतंत्र झाला, वस्तीचं नाव तेच राहिलं.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. कायदे जाऊन तीस वर्षं झाली. मतदान आहे, जगात नावाजलेली राज्यघटना आहे. मग अंतर का मिटत नाही?

नव्या सरकारने काहीच केलं नाही असं म्हणणं खोटं ठरेल. १९९४ पासून तीस लाखांहून जास्त घरं गरिबांना फुकट बांधून दिली. वीज, पाणी लाखो घरांत पोचलं. पण घरं बांधायला जमीन कुठे स्वस्त मिळते? शहराबाहेर. म्हणून नवी घरंही जुन्या वस्त्यांच्या पलीकडेच उभी राहिली. हक्काचं छप्पर मिळालं आणि कामाची जागा तीस-चाळीस किलोमीटर लांब राहिली. कुणाचा वाईट हेतू नसताना जुना नकाशा पुन्हा गिरवला गेला. मला यातलं सर्वांत दुःखाचं हेच वाटतं.

त्या लांबच्या घरातून कामाला जायचं तर मिनीबस टॅक्सी. पश्चिम महाराष्ट्रातल्या वडापची थोरली बहीण म्हणा. पंधरा-सोळा जणांची पांढरी गाडी, थांब्याची पाटी नाही, वेळापत्रक नाही. रस्त्याकडेला उभं राहून बोटाने खूण करायची. जोहान्सबर्गच्या मध्यभागी जायचं असेल तर तर्जनी वर, जवळपास जायचं असेल तर खाली. आत बसलं की मागचे लोक भाड्याचे पैसे खांद्यावरून पुढे सरकवतात आणि ड्रायव्हरशेजारी बसलेला प्रवासी सगळा हिशेब करून सुटे पैसे मागे पाठवतो. अनोळखी पंधरा माणसांत पैसे हातोहात जातात आणि बरोबर परत येतात. देशातली बहुतेक सार्वजनिक वाहतूक याच टॅक्सींवर चालते, आणि भाडं पुरतं प्रवाशाच्या खिशातून जातं. गरीब घरात कमाईचा मोठा हिस्सा या भाड्यातच संपतो. नोकरी शोधायलासुद्धा आधी भाडं लागतं. नोकरी नाही म्हणून भाडं नाही, भाडं नाही म्हणून नोकरी नाही.

आणि नोकऱ्याही थोड्या आहेत. काम शोधणाऱ्या दर तीन माणसांत जवळजवळ एकाला काम नाही. १५ ते २४ वयोगटात तर दहातल्या सुमारे सहा जणांना नाही. सोन्याच्या खाणींत १९८० च्या दशकात सुमारे ५ लाख लोक होते. खाणी खोल गेल्या, सोनं संपत आलं, वर्षाचं उत्पादन १०० टनांच्या आसपास उतरलं आणि ती कामं गेली. त्यांच्या जागी जे उद्योग वाढले ते बँका, विमा, मोबाइल, मोठी दुकानं. त्यांना शिकलेला माणूस हवा. १९५३ च्या ‘बांटू शिक्षण’ कायद्याने कृष्णवर्णीय मुलांना मुद्दामच मजुरीपुरतं शिक्षण दिलं होतं. त्यातून बाहेर पडलेल्या शाळा अजून सावरलेल्या नाहीत. २०२१ च्या आंतरराष्ट्रीय वाचन चाचणीत चौथीतल्या १०० पैकी ८१ मुलांना वाचलेल्याचा अर्थ कळत नाही, असं दिसलं. पूर्वी गोऱ्यांसाठी असलेल्या चांगल्या शाळा आता सर्वांना खुल्या आहेत, पण तिथे फी आहे आणि त्या चांगल्या वस्तीत आहेत. कातडीच्या रंगाने अडवलेला दरवाजा आता पत्ता आणि पगार पाहून अडवतो.

ज्यांना तो दरवाजा ओलांडता आला त्यांचा उत्कर्षही खरा आहे. डॉक्टर, वकील, अधिकारी, उद्योजक असा मोठा कृष्णवर्णीय मध्यमवर्ग उभा राहिला. त्यामुळे आज कृष्णवर्णीय समाजाच्या आतही विषमता वाढली आहे. उद्योगांत कृष्णवर्णीयांना भागीदारी देणाऱ्या २००३ च्या कायद्याचा मोठा लाभ वरच्या थोड्या लोकांना झाला, ही टीका तिथे वर्षानुवर्षं होते आणि ती बरीचशी रास्त आहे. जमिनीचा प्रश्न मात्र अजून जुन्याच रेषेवर अडकला आहे. २०१७ च्या सरकारी पाहणीत व्यक्तींच्या मालकीच्या शेतजमिनीपैकी ७२ टक्के गोऱ्यांकडे निघाली. लोकसंख्येत ते ८ टक्क्यांच्या आसपास आहेत. त्यात भ्रष्टाचाराने सरकारी वीजकंपनी पोखरली. २०२३ मध्ये वर्षातले बहुतेक दिवस भारनियमन होतं. श्रीमंतांनी छतावर सौर पॅनेल बसवले. कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानदाराचं फ्रिजमधलं दूध नासलं.

या सगळ्यात माणसं टिकली आहेत ती मुख्यतः सरकारी अनुदानांवर. म्हाताऱ्यांचं पेन्शन, अपंगांचं अनुदान आणि १९९८ पासून गरीब मुलांसाठी दरमहा मिळणारी रक्कम. सुमारे ६ कोटी २० लाखांच्या देशात ही अनुदानं पावणेदोन कोटींहून अधिक लोकांना मिळतात. कोविडच्या काळात २०२० मध्ये बेकारांसाठी महिना ३५० रँड सुरू झाले, नंतर त्याचे ३७० झाले. अशा पैशाने लोक आळशी होतात असं म्हणणारे तिकडेही आहेत. ३७० रँडमध्ये आळशी व्हायला काय मिळतं? मक्याच्या पिठाची मोठी पिशवी, तेल, साबण, आणि शहरात नोकरी शोधायला जाण्याच्या काही फेऱ्या. आजीच्या पेन्शनवर अख्खं घर चालणं ही तिथली नेहमीची गोष्ट आहे. बायका महिन्याला थोडे थोडे पैसे घालून ‘स्टॉकवेल’ चालवतात. आपल्या भिशीसारखंच असतं ते. डिसेंबरात ती फुटते, तेव्हा घाऊक दुकानांतून पिठाच्या, साखरेच्या, तेलाच्या राशी घरी येतात.

खनिजांचा पैसा प्रामाणिकपणे वापरला असता तर विषमता राहिली नसती, असं कुणी म्हणेल. त्याला उत्तर म्हणून बोत्स्वानाकडे पाहावं. १९६६ मध्ये स्वतंत्र झाला तेव्हा तो जगातल्या सर्वांत गरीब देशांपैकी एक होता, डांबरी रस्ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. लगेच पुढच्या वर्षी ओरापा इथे हिरे सापडले. पहिले राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा यांच्या सरकारने खनिजं कुठल्या एका जमातीची नसून देशाची, असा कायदा केला. डी बिअर्स कंपनीबरोबर निम्म्या निम्म्या भागीदारीची खाणकंपनी उभी राहिली. पैसा शाळा, दवाखाने, रस्ते यांत गेला. एचआयव्हीची औषधं सर्वांना मोफत देणारा कार्यक्रम २००२ मध्ये आफ्रिकेत सर्वप्रथम इथे सुरू झाला. हे खरंच कौतुकाचं आहे.

तरीही गिनी ५३. कारण हिऱ्याची खाण पैसा खूप देते आणि नोकऱ्या फार थोड्या. सरकारी नोकरी आणि खाण यांच्या बाहेर जो राहिला तो मागेच राहिला. खेड्यात संपत्ती म्हणजे गुरं. १९७५ च्या चराई धोरणाने सामायिक कुरणांना कुंपण घालून मोठे वाडगे करायची सोय दिली, आणि तिचा फायदा ज्याच्याकडे आधीच मोठा कळप होता त्यालाच झाला. कलाहारी वाळवंटातल्या सान या आदिवासी लोकांना तर अभयारण्यातून हलवलं. २००६ मध्ये न्यायालयाने ते बेकायदा ठरवलं.

या गोष्टीचा एक धागा आपल्यापर्यंत येतो. बोत्स्वानाचे कच्चे हिरे मोठ्या प्रमाणात सुरतेत पैलू पाडायला येतात आणि मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या हिरेबाजारातून त्यांचे व्यवहार होतात. आता त्याच सुरतेत प्रयोगशाळेतले हिरे तयार होतात, अगदी स्वस्त. हिऱ्यांचे भाव पडले. ज्याच्या निर्यातीचा जवळपास चार पंचमांश भाग हिरे आहेत त्या बोत्स्वानाची अर्थव्यवस्था २०२४ मध्ये आकसली, आणि त्याच वर्षी ५८ वर्षं सत्तेवर असलेला पक्ष निवडणूक हरला.

लेसोथोचे चाकरमानी आता फारसे खाणीत जात नाहीत. देश आता पाणी विकतो. १९८६ च्या कराराने डोंगरात कात्से धरण बांधलं गेलं आणि १९९८ पासून बोगद्यांतून ते पाणी जोहान्सबर्गच्या बाजूला जातं. आधी माणसं खाली उतरायची, आता पाणी उतरतं.

केपटाऊनच्या अगदी मध्यभागी, डोंगराच्या पायथ्याशी ‘डिस्ट्रिक्ट सिक्स’ नावाची वस्ती होती. कृष्णवर्णीय, मिश्रवंशीय, भारतीय, मुसलमान, ज्यू असे सगळे तिथे एकत्र राहत. १९६६ मध्ये सरकारने ती जागा गोऱ्यांची जाहीर केली, साठ हजारांहून जास्त लोकांना वाळूच्या माळावरच्या वस्त्यांत नेऊन टाकलं आणि घरांवर बुलडोझर फिरवला. देवळं तेवढी सोडली, म्हणजे चर्च आणि मशिदी. २००४ मध्ये पहिल्या दोन म्हाताऱ्यांना परतीच्या घराच्या किल्ल्या मिळाल्या, तेव्हा दोघंही ऐंशीच्या पुढचे होते. बाकीच्यांचं परतणं कूर्मगतीने चाललं आहे. बराचसा भाग अजून मोकळाच आहे, नुसतं गवत.

जवळच्या एका जुन्या चर्चमध्ये या वस्तीचं संग्रहालय आहे. तिथे जमिनीवर सगळ्या जुन्या गल्ल्यांचा मोठा नकाशा पसरलेला आहे. जुने रहिवासी येतात, गुडघ्यावर बसतात आणि आपलं घर जिथे होतं तिथे स्वतःच्या हाताने नाव लिहून जातात.